विमलवैनींचं आवतण

विमलवैनी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाल्या की हातात सांडशी घेऊन निघायच्या. सांडशी म्हणजे आपली तीच, शेगडीवरचं पातेलं उतरवायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सांडशी. पाहणाऱ्याला वाटावं, बाई कोणाचं तरी नाक धरायला निघाली. मग कोणी तरी विचारायचंच, "काहून वं वैनी, हे काय?" की वैनी जागीच थबकायच्या, "दूध ठेवलं नाही का म्या," असं म्हणायच्या आणि कोथिंबीर न घेताच माघारी पळायच्या. ही त्यांची युक्ती होती. दूध तापत ठेवलंय हे आपल्याला आठवणार नाही, पण सांडशी पाहून लोक हसतील, विचारतील, आणि मग आठवेल. लोक हसणार हे धरून संसार करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. नागपुरात धंतोलीत आमची घरं लागून होती. मागचं आंगण एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. माझं घर म्हणजे आरसा. दहाच्या आत माझी भांडी पालथी आणि ओटा कोरडा. मला त्याचा भारी तोरा होता, आणि भिंतीपलीकडे पाहिलं की तो आणखी वाढायचा.

पलीकडे सकाळी सहाला वैनी कपडे भिजवायच्या. साबण आणायला आत निघाल्या की तुळस सुकलेली दिसायची. तुळशीला पाणी घालायला तांब्या घेतला की तांब्याच काळा वाटायचा. चिंच काढायला फळी उघडली की डब्याखाली बहिणीचं जुनं पत्र सापडायचं. ते उभ्याउभ्या वाचताना बहिणीला उत्तर द्यायचं राहिलंय हे आठवायचं, आणि मग दौत शोधणं सुरू. बारा वाजता कपडे भिजलेलेच, तांब्या चिंचेत, तुळस तहानलेली, आणि वैनी पाटावर बसून "चि. सौ. ताईस" एवढं लिहून पुढं काय लिहावं याचा विचार करून राहिलेल्या. कोणी टोकलं तर ठरलेलं उत्तर, "हे एक झालं का झालंच वं."

त्यांचे मिस्टर रामभाऊ पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमच्या घरी कामाचं लग्न रोज लागते, नांदायला कोणतंच जात नाही." सगळे हसायचे. वैनी सगळ्यांपेक्षा जोरात हसायच्या आणि हसता हसता उंबऱ्यात अशा उभ्या राहायच्या की आत काय पसरलंय ते कोणाला दिसू नये. आत त्या कोणालाच नेत नसत. हळदीकुंकूसुद्धा ओसरीवर. धंतोलीत तेव्हाही पावलोपावली दवाखाने होते, पण अशा डोक्याला काही नाव असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही आमच्यापुरतं नाव ठेवलं होतं, वेंधळी. सांडशीची नक्कल मी इतकी छान करायचे की बायका मला दोनदा करायला लावत.

त्या वर्षी महालक्ष्म्या वैनींकडे आल्या. मुखवटे नेहमी कुहीला, मोठ्या जाऊबाईंकडे असायचे. जाऊबाईंचा हात मोडला म्हणून देवी इकडे आणायचं ठरलं. जाऊबाई पत्रात साफ लिहून मोकळ्या झाल्या होत्या, की विमलच्या घरी देवी उपाशी राहील, मग मला बोल लावू नका.

वैनी भिंतीपाशी आल्या. पहिल्यांदाच त्या हसत नव्हत्या. "सुधा, एक डाव माह्या हातून नीट होऊ दे वं. सारे येऊन राहिले. मले लाज वाटते वं, रोजच वाटते, पण यंदा देवीसमोर नको."

आणि काय सांगू, बाई खरंच पेटल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं कामं लिहून काढली. पुरणाची डाळ, आंबिलीचं पीठ, फुलोऱ्याच्या करंज्या, सोळा भाज्या, केळीची पानं. झालं की पुढं फुली. शिवाय गल्लीतल्या एकेका बाईला एकेक आठवण वाटून दिली. "माही डाळ तुह्याकडे हाय, पाचला हाक मारजो." अख्खी गल्ली हसत हसत हाका मारत होती.

जेवणाच्या आदल्या दिवशी मी परात द्यायला गेले. वैनींनी मला चक्क आत नेलं. त्या पुरण वाटत होत्या, हात कोपरापर्यंत माखलेले. मान न वळवता म्हणाल्या, "भिंत पाहून सांग बरं, काही राहिलं का? तुही नजर पक्की हाय."

मी भिंत पाहिली. खालपर्यंत फुल्याच फुल्या. सगळ्यात खाली, तांदळाच्या डब्याआड, एका ओळीपुढं फुली नव्हती. सवाष्ण.

महालक्ष्म्यांना जेवू घालायचं तर सवाष्णीला आधी आवतण द्यावं लागतं. ती सकाळपासून काही न खाता निरंकार राहते, आणि ती जेवली म्हणजे देवी जेवली. चार दिवसांपासून मी वाट पाहत होते, की वैनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन येतील आणि मला सांगतील. शेजारीण मी, रोज उपयोगी पडणारी मी. आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, परात मागायला तोंड आहे आणि आवतण द्यायला नाही? ठीक आहे.

"काही नाही राहिलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजताच मी ताट वाढून घेतलं. भूक नव्हती. हट्टानं जेवले, वर ताक पिऊन ताट घासूनही टाकलं.

दीड वाजता वैनी आल्या. नवं लुगडं, कपाळावर घाम, पण चेहरा असा की मी कधी पाहिला नव्हता. "चाल वं सुधा, पानं मांडली. वेळेवर झालं सारं. जाऊबाई गप झाली पाहून."

"माझं जेवण झालं, वैनी."

त्यांना वाटलं मी थट्टा करून राहिले. "असं काहून बोलतं? सवाष्ण तूच ना आपली."

"मला आवतण कुठं होतं?"

वैनींनी हात कपाळाला लावला. "म्या सांगतलंच नाही?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं, म्हणून सहज म्हणता आलं.

त्या दिवशी रिकामी सवाष्ण मिळणं म्हणजे दिव्य. कोणी दुसरीकडे बसलेली, कोणी जेवलेली. वैनी अनवाणी घरोघर फिरल्या. शेवटी चार वाजता दवाखान्यातून ड्यूटी करून उपाशी परतणारी एक नर्सबाई रस्त्यात सापडली, तिला पांढऱ्या साडीतच हिरवा खण देऊन पाटावर बसवलं. पुरण थिजलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "मी म्हनलंच होतं." रामभाऊंनी आपलं ते लग्नाचं वाक्य म्हटलं. पाहुणे हसले. वैनीही हसल्या, असं नंतर कळलं. पुढच्या वर्षी मुखवटे कुहीला परत गेले आणि पुन्हा आले नाहीत.

संध्याकाळी मी कुंकवाला गेले. न जाऊन कसं चालेल. वैनी स्वयंपाकघरात एकट्या बसल्या होत्या. खोली लख्ख. एक काम अर्धं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातलं झाकलेलं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"तुह्यासाठी येगळ्या केल्या होत्या सोळाही भाज्या, बिनमिरचीच्या. तुले पित्त होते ना वं." मग म्हणाल्या, "आवतण परक्याले देतेत. माह्या डोक्यात तू घरचीच, म्हणून सांगायचंच राहिलं. तुह्याबी जीवाले लागलं असन. डोकंच असं दिलं देवानं, काय करू."

ज्या बाईला शेगडीवरचं दूध आठवत नव्हतं, तिला माझं पित्त आठवत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, की वैनी, तुमचं डोकं नाही चुकलं. मी भिंत वाचली होती. मी ठरवून जेवले. ते न सांगता मी त्या सोळाही भाज्या संपवल्या आणि छान झाल्यात म्हटलं.

पुढं वैनींनी त्या गोष्टीचाही विनोद केला. वर्षानुवर्षं स्वतःच रंगवून सांगायच्या, की देवीला चार वाजेपर्यंत उपाशी ठेवणारी अख्ख्या नागपुरात मी एकच. एकदा आमच्या गल्लीत नवी सून आली होती, शहाणी, मोठ्या डोळ्यांची. ती म्हणाली, "काहीतरीच. एवढं मोठं कोणी विसरते का?"

"खोटं वाटते तं हिले विचार," वैनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "हे साक्षीला हाय. सांग वं सुधा, विसरलीच होती ना मी?"

सून माझ्याकडे पाहत होती. वैनी हसत होत्या.

"हो," मी म्हटलं.