वाचकांनी इकडे लक्ष द्यावे

आमच्या गल्लीत कुणी म्हेत्रे अप्पांच्या मेलच्या यादीतून आपलं नाव काढलं, की त्याच संध्याकाळी अप्पा त्याच्या घरी जातात. भांडायला नाही. नुसते जाऊन बसतात.

शेख सर शिकवण्या घेतात. एकदा नको त्या मेल बंद करण्याच्या नादात त्यांनी अप्पांचीही मेल बंद केली. दिवेलागणीला अप्पा दारात हजर. चहा घेतला, सरांच्या गुडघ्याची चौकशी केली, वहिनींच्या माहेरची केली, दुसरा चहा घेतला. मेलचा विषयच नाही. शेवटी सरांनीच खिशातून फोन काढला, अप्पांच्या देखत नाव परत घातलं आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. अप्पा लगेच उठले. म्हणाले, भाकरी टाकायची राहिलीय. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "नाम निकालना आसान हय मॅडम, अप्पा कू निकालना मुश्किल."

अप्पांचं म्हणणं असं, की नाव काढणं म्हणजे पंगतीतून अर्ध्या जेवणावरून उठणं. आपल्या घरच्या पंगतीतून माणूस उठला, तर काय खारट झालं हे यजमानानं जाऊन विचारायला नको का?

शिवशरण म्हेत्रे हे त्यांचं पूर्ण नाव. सोलापूरच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात एका खिडकीमागे माईकपुढे गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे सांगायचं त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ती भाषा काही सुटली नाही. ते नुसते दवाखान्यात जात नाहीत, मंडईमार्गे दवाखान्यात जातात. लग्नाच्या हॉलमध्ये त्यांना माईकपासून लांबच्या खुर्चीवर बसवावं लागतं. घरात एकटे. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगी धारवाडला दिलेली.

त्यांच्या मनात एकच सल होता. तो त्यांनी मला एकदा शेंगा निवडता निवडता सांगितला. "सगळं आयुष्य बोललो ताई. पण प्रवासी काय ऐकतंय? आपल्या गावाचं नाव. टेंभुर्णी म्हटलं की टेंभुर्णीवालं उठतंय, बाकीची शेंगा फोडत बसत्यात. पयल्यापासून शेवटापतोर माझं कुणी ऐकलंच न्हाय." तेव्हा आता लिहायचं आणि ते कुणीतरी पुरतं वाचायचं, एवढीच त्यांची इच्छा. मी पतसंस्थेत संगणकावर बसते. एवढ्याच पुण्याईवर ते सुरू करून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू. अप्पांनी साफ नाही म्हटलं. तिथं माणूस वाचत नाही, अंगठा दाखवून जातो, आणि त्यांना आजवर कुणी अंगठा दाखवला नव्हता. मेल म्हणजे कसं, माणूस चप्पल काढून घरात येऊन बसल्यासारखं. मग 'फलाट' नावाची मेल सुरू झाली. सुरुवात ठरलेली, 'वाचकांनी इकडे लक्ष द्यावे'. खाली एखादा लेख. कंडक्टरच्या घंटीचे प्रकार, स्टँडवरच्या कुत्र्यांचे स्वभाव, उन्हाळ्यात खिडकीची जागा कोणत्या बाजूची धरावी, असले विषय. आणि सांगायला हवं, लिहायचे फार छान. पण वाचक तीन. एक मी, दुसरा माझा नवरा, ज्याचं नाव मी त्याला न विचारता घातलं होतं, आणि तिसरे स्वतः अप्पा. मेल आल्यावर कसं वाटतं हे बघायला ते स्वतःलाही पाठवायचे.

वाचक वाढवायला अप्पांनी काय नाही केलं! बारशाला गेले तर बाळाच्या आधी बाळाच्या बापाचा ईमेल विचारायचे. न्हाव्याच्या दुकानात गालाला साबण लागलेल्या माणसाकडून पत्ता काढून घ्यायचे, कारण तेव्हा तो उठून जाऊ शकत नाही. मग शेंगाचटणीची टूम काढली. नवीन वाचकाला घरी कुटलेल्या चटणीची एक पुडी. गल्लीनं चटणी मनापासून खाल्ली. मेल कुणी उघडली नाही. कोणी उघडली ते संगणकावर दिसतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं, आणि नंतर मला त्याचा पश्चात्ताप झाला. रोज संध्याकाळी चष्मा लावून ते तो आकडा बघायला माझ्याकडे यायचे.

मग पाणी आलं. म्हणजे तसं ते येत नव्हतं, हाच मुद्दा. आमच्या भागात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं आणि कधी येणार हे फक्त पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला आणि देवाला ठाऊक. त्यातही देवाचा अंदाज चुकायचा. हा चावीवाला अप्पांच्या जुन्या ओळखीचा निघाला. एका मेलच्या शेवटी अप्पांनी सहज लिहिलं, 'आपल्या गल्लीत उद्या पहाटे पाच वाजता पाणी लागेल.' लागलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं, पुन्हा लागलं. झालं. ज्यांना ईमेल कशाशी खातात हे माहीत नव्हतं, त्यांनी पोरांच्या मागे लागून आपापले पत्ते उघडले. मागच्या गल्लीतून, हौसिंग सोसायटीतून, कुठून कुठून नावं आली. अप्पांची चाल बदलली. नवा सदरा शिवला.

आठ दिवसांनी ते शेजारच्या सुनंदावहिनींना म्हणाले, लेख कसा वाटला? वहिनी म्हणाल्या, "लई बेस. पाचला म्हणला, पाचलाच आलं की." अप्पांनी घरी येऊन नवा सदरा उतरवून ठेवला. पुन्हा तेच झालं होतं, आपल्या गावाचं नाव ऐकून लोक उठत होते.

पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पाण्याची वेळ लेखाच्या पोटात लपवायला सुरुवात केली. कधी तिसऱ्या परिच्छेदात, कधी कंसात, एकदा तर कुत्र्याच्या वर्णनात. गल्लीत बोंब उठली. माझा नवरा टॉवेल गुंडाळून, हातात बादली घेऊन घंटीचे प्रकार मोठ्यानं वाचायचा आणि मध्येच ओरडायचा, यात पाणी कुठंय? एके दिवशी मात्र पाणी सापडल्यावरही तो पुढे वाचत राहिला.

हळूहळू सगळ्यांचंच असं झालं. अप्पांनी केम गावाला जाणाऱ्या गाडीच्या एका प्रवाशाची गोष्ट लावली होती. दर शनिवारी तो यायचा, अप्पांच्या खिडकीखालच्या बाकावर बसायचा, केमची गाडी लागायची, आणि तो चढायचाच नाही. प्रत्येक मेलमध्ये थोडं थोडं. नळावर बायका वाद घालायच्या. एक म्हणे बायकोची वाट बघत असेल, दुसरी म्हणे पोलिसांचा माणूस असेल. गल्लीच्या टोकाच्या गौरम्मांना वाचता येत नाही. त्या अक्कलकोटकडच्या, बोलणं निम्मं कानडी. त्यांची सून कामावरून आली की त्यांना मेल वाचून दाखवायची.

या गौरम्मांपायीच अप्पा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होते. सून शिवणाच्या कारखान्यात, म्हणून पहाटे पाणी भरायला गौरम्मा उठायच्या, सुजलेले गुडघे घेऊन. ते बघून अप्पा दर सोमवारी पाण्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन जायचे, की आमच्या गल्लीला रोज पाणी द्या. मी एकदा स्पष्टच विचारलं, अप्पा, रोज पाणी आलं तर तुमची मेल वाचणार कोण?

"गाडी येळेवर आली तर प्रवासी फलाटावर कशाला थांबंल?" ते म्हणाले. "थांबूच नये त्यानं."

आणि अर्ज घेऊन गेले, मंडईमार्गे.

नवी टाकी झाली आणि रोज सकाळी सहाला पाणी येऊ लागलं. अप्पांनी त्या दिवशीच्या मेलमध्ये ती बातमी पहिल्याच ओळीत टाकली, लपवाछपवी नाही. मेल उघडायचं निमित्तच संपलं, आणि महिन्याभरात उघडणाऱ्यांचा आकडा चारावर आला, आम्ही पूर्वीचे तिघं आणि चौथं कोण कुणास ठाऊक. नावं धडाधड कमी झाली. अप्पा कुणाच्याही घरी गेले नाहीत. संध्याकाळी आकडा बघायलाही येईनासे झाले, आणि मग मेलच बंद झाली. सगळ्या गल्लीत पाण्याचा आवाज यायचा आणि मला अप्पांच्या बंद दाराकडे बघून वाईट वाटायचं. ज्या गल्लीसाठी माणसानं एवढं केलं, तिला त्याची आठवण राहू नये याचा रागही यायचा.

एका रविवारी मी त्यांना पुरणपोळी द्यायला गेले. अप्पा ओट्यावर बसले होते. तेवढ्यात भिंतीला धरून धरून गौरम्मा आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

"पानी रोज येतंय," त्या अप्पांना म्हणाल्या. "तू का येत न्हाईस?"

अप्पांना काही उमगेना. गौरम्मांनी केमच्या प्रवाशाचं विचारलं. सून रोज सांगते मेल नाही आली, मग त्या माणसाचं झालं काय? अप्पा चाचरत सांगू लागले, शेवटच्या शनिवारीसुद्धा तो आला, बसला, गाडी लागली.

"मुंद?" गौरम्मा म्हणाल्या. पुढं काय?

गाडी सुटली. तो बसूनच राहिला.

"मुंद?"

उभ्या आयुष्यात अप्पांना बोलताना कुणी मध्ये अडवून 'पुढं काय' असं विचारलं नव्हतं. माईकवर सोय नव्हती. ते गडबडले. "ठावं न्हाय," म्हणाले. "त्यानंतर मी रिटायर झालो. तो का बसायचा ते मी कदी इचारलंच न्हाय."

गौरम्मांनी थोडा विचार केला. "घरात कोन नसंल त्याच्या," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज ऐकत बसत आसंल."

अप्पांच्या मागे घराचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मी पुरणपोळीचा डबा तसाच हातात धरून उभी राहिले.

"मंग अजून जरा बोलाय पायजे हुतं मी," अप्पा म्हणाले.

"मग बोल की आता," गौरम्मा म्हणाल्या, आणि ओट्यावर टेकून, दुखरे पाय लांब करून नीट बसल्या.