दोन साडू आणि दोन लॉकर

साडू म्हणजे एकाच खड्ड्यात वेगवेगळ्या वर्षी पडलेले दोन गृहस्थ. त्यामुळे त्यांच्यात एक मूक सहानुभूती असते. चष्मेवाले आणि विमावाले यांच्यातही ती होती. मग दोघांनी भागीत एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली आणि त्या सहानुभूतीतलं मूकपण संपलं.

चष्मेवाले थोरले जावई, बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान. विमावाले धाकटे, लोकांना मरणाची भीती घालून जगायचे. दर रविवारी जीप गावाबाहेरच्या टेकडीवर न्यायची, दगडधोंड्यांतून चढवायची आणि चिखलाने माखून घरी आणायची, असा दोघांचा नेम. शेजारी चांगला रस्ता असताना मुद्दाम ओढ्यातून गाडी घालणाऱ्या माणसांबद्दल त्यांच्या बायकांचं मत काय होतं, ते इथे छापण्यासारखं नाही.

एका रविवारी मात्र बायकाही सोबत आल्या, आणि नेमकी त्याच दिवशी जीप एका ओघळीत अशी तिरकी अडकली, की मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक हवेत. चष्मेवाले जोर देत होते आणि हवेतली चाकं जत्रेतल्या पाळण्यासारखी गरगरत होती. जमिनीवरची दोन चाकं ढिम्म.

"ही काम का करत नाहीत?" थोरलीने विचारलं.

"त्याला कारण डिफरन्शियल," चष्मेवाले खिडकीतून म्हणाले. "वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून एक्सलच्या मधोमध एक गोळा असतो, तो दोघांना आपापल्या चालीने फिरू देतो. पण एक चाक हवेत गेलं, की सगळी फिरकी त्यालाच मिळते."

"म्हणजे जो काहीच काम करत नाही, सगळे लाड त्याचेच?" धाकटीने विचारलं.

"अगदी बरोबर!"

"कळलं. आमच्याकडेही तसंच आहे," धाकटी म्हणाली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने जीप ओढून काढली. दोर सोडताना त्याने सहज विचारलं, "रस्ता तर तिकडून आहे. मग तुम्ही इथे कसे पडलात?" बायका घरी येईपर्यंत हसत होत्या.

त्या हसण्यावर एकच उपाय होता. दोन्ही चाकांना एकत्र जखडून सारखंच फिरायला लावणारा लॉकर. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले फोनवर साडूंना सांगत होते, "ते काही नाही, लॉकर घ्यायचाच! आता चालढकल नको." हे ऐकून थोरली आतून दागिन्यांचा डबा घेऊनच बाहेर आली. इतक्या वर्षांत नवऱ्याला अक्कल आली म्हणून तिचे डोळे भरून आले होते. लॉकर बँकेतला नसून जीपच्या एक्सलमधला आहे हे कळल्यावर ते लगेच कोरडे झाले.

तिने बहिणीला बोलावून घेतलं. दोघींची खलबतं झाली आणि निकाल लागला. "पुढच्या आठवड्यात आई येतेय. तिला स्टेशनवरून या जीपमधून आणायचं. सामानासकट, सुखरूप, आणि तिची काहीही तक्रार न येता. घरच्या कामाला एकदा तरी गाडी उपयोगी पडली तर ठेवू. नाहीतर विकायची."

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यासमोर चष्मेवाले अजूनही हात पाठीमागे बांधून उभे राहत. चष्मेवाल्यांचं घर नवं होतं, सासूबाईंनी ते पाहिलंही नव्हतं, आणि त्यात ही परीक्षा.

पण आधी लॉकर कुठला, हे ठरायला हवं होतं. चष्मेवाल्यांना हवा होता आपोआप लागणारा. "बटण म्हटलं की माणूस ऐनवेळी दाबायला विसरतो. मीच विसरेन."

"आपोआपवाला वळणावर खटाखट वाजतो, साडूभाऊ! मी सगळे व्हिडिओ बघितलेत. बटणाचाच घ्या. हवं तेव्हा लावा, नको तेव्हा सोडा. धोका कमी."

"तुम्हाला सगळीकडे धोकाच दिसतो."

"आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. चष्म्याचं दुकान असून!"

मागच्या एक्सलला बसवायचा की पुढच्या, यावरही तेवढंच जुंपलं. मधला एक पर्याय होता. चाकांना पूर्ण न जखडता घसरत्या चाकाला थोडा आवर घालणारा, गुपचूप काम करणारा. पण त्याला दोघांनीही एकमुखाने नाक मुरडलं, कारण त्यात कोणाचीच जीत नव्हती. शेवटी गॅरेजवाला मिस्त्री कंटाळला. "मागे यांचा बसवतो, पुढे त्यांचा. भांडण तुमचं, पाने माझे. मला काय!"

तसंच झालं.

सासूबाई आल्या त्या दुपारी चष्मेवाले गाडी चालवत होते, शेजारी विमावाले, मागे सासूबाई आणि त्यांच्या दोन ट्रंका. पहिलं वळण आलं आणि मागून आवाज झाला : खटॅक्!

"काय तुटलं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. लॉकर आहे. तो वळताना सुटतो आणि परत लागतो."

दुसरं वळण. खटॅक्! तिसऱ्या वळणावर खटॅक् आणि वर टायरची किंचाळी. फुटपाथवरच्या एका गृहस्थाने हातातली पिशवी टाकून भिंतीचा आसरा घेतला.

"हा आवाज ज्याने विकत घेतला तो मनुष्य कोण?" सासूबाई म्हणाल्या.

"साडूभाऊ," विमावाल्यांनी तत्परतेने सांगितलं. "माझा पुढे आहे. त्याचा हूं की चूं नाही."

"मग तो लावा ना."

"आई, तो डांबरी रस्त्यावर लावत नाहीत," चष्मेवाले घाईने म्हणाले.

"यांना माझा लॉकर दाखवायचाच नाहीये," विमावाले म्हणाले. सासूबाईंसमोर वरचढ ठरण्याची संधी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारा दांडा ओढला आणि बटण दाबलं. खरोखरच आवाज झाला नाही. फक्त चष्मेवाल्यांच्या हातातलं स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं.

आणि समोर चौक होता.

चौकाच्या मधोमध गोल बाग, बागेत मातीचा उंचवटा, आणि त्याच्या तोंडावर फुलझाडांचं बनवलेलं भलंमोठं घड्याळ. शहराला त्याचा फार अभिमान. सगळं जग त्या बागेला वळसा घालून जातं. चष्मेवाल्यांनीही घालायचा प्रयत्न केला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं, त्यावर जवळजवळ उभे राहिले, पण चारही चाकं हातात हात घालून निघाली होती. त्यांना वळणं नावाची गोष्टच मान्य नव्हती.

"सोडा! तुमचा लॉकर सोडा!"

"सोडला! बटण बंद केलंय! ताण बसलाय, त्यामुळे निघत नाहीये!"

"मग ब्रेक मारा की!" सासूबाई ओरडल्या.

चष्मेवाल्यांनी पाय हाणला. पण ते स्टिअरिंगवर उभे होते, त्यामुळे पाय पडला तो ॲक्सिलरेटरवर. जीप कठड्यावर चढली. झेंडूच्या वाफ्यातून गेली. नुकतंच पाणी दिलेल्या मऊ मातीत भलीभली गाडी रुतली असती, पण ही जराही न घसरता, न अडखळता, एखाद्या हत्तीच्या डौलात तो उंचवटा चढली आणि माथ्यावर जाऊन बंद पडली. मिनिटकाटा समोरच्या बंपरमध्ये अडकला होता. टेकडीवर इतके रविवार घालवले, पण इतकी सुंदर चढण त्यांना कधीच जमली नव्हती.

माळी धावत आला, त्याच्यामागे वाहतूक पोलीस.

"कोणाचं काम हे?"

"यांचं!" दोन्ही साडूंची बोटं एकमेकांकडे.

"गाडी वळली नाही ती यांच्या पुढच्या लॉकरमुळे."

"आणि वर चढली ती यांच्या मागच्यामुळे!"

पोलिसाने टोपी मागे सरकवून चढ न्याहाळला. "पण चढली कशी? परवा बागेला पाणी द्यायचा टँकर इथे लावायला गेले, तर तो खालीच फसला. अर्धा दिवस गेला काढायला."

"माझ्या लॉकरमुळे!" दोघं एका सुरात म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघून पुन्हा भडकले. चढणीत मागच्या चाकांवर भार येतो, म्हणून श्रेय मागच्याचं, असं चष्मेवाले म्हणत होते. विमावाल्यांचं म्हणणं, गाडीला वर ओढतात ती पुढचीच चाकं. मुद्दा पटवायला दोघं खाली उतरले आणि चिखलातल्या खुणा दाखवायला वाकले. पोलीसही वाकला. माळीही वाकला. तो तर आता विमावाल्यांच्या बाजूने बोलू लागला होता.

सासूबाई मागची सीट सोडून पुढे येऊन बसल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"अहो पोलीस!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "समोरची वाहनं थांबवा."

आवाज असा होता, की पोलिसाने विचार करण्याआधीच शिट्टी फुंकली. चौक थांबला.

"आई, तुम्ही काय करताय?" चष्मेवाल्यांनी हात आपसूक पाठीमागे घेतले. "ती वळत नाहीये!"

"वळवतंय कोण? थोरलीने पत्ता कळवलाय, घर समोरच्याच रस्त्यावर आहे ना? सरळ चढली, तशी सरळ उतरेल." त्यांनी चावी फिरवली. "शाळेची गाडी ड्रायव्हर आला नाही की कोण चालवायचं, असं वाटतं तुम्हाला?"

जीप उंचवट्यावरून संथपणे खाली उतरली, पलीकडच्या कठड्यावरून रस्त्याला लागली. सरळ गेल्यामुळे चाकांवरचा ताण मोकळा झाला, पुढच्या एक्सलमधून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि लॉकर आपला आपणच सुटला. ट्रंका, मिनिटकाटा आणि सासूबाई यांच्यासह जीप रहदारीत दिसेनाशी झाली.

"आता खड्डे बुजवायला या," माळी म्हणाला. तो पुन्हा तटस्थ झाला होता.

दोघं घरी पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. पायी आले होते. गुडघ्यापर्यंत माती, विमावाल्यांच्या केसांत झेंडू. माळ्याने त्यांच्याकडून सगळा वाफा पुन्हा लावून घेतला होता, आणि विमावाल्यांनी लावलेली रांग वाकडी आली म्हणून ती उपटून दुसऱ्यांदा लावायला लावली होती. जीप दारात व्यवस्थित उभी होती. सासूबाई चहा पीत होत्या आणि दोन्ही लेकी त्यांच्या पायाशी बसून निकालाची वाट बघत होत्या.

"मग आई, ठरलं ना?" थोरली म्हणाली. "उद्याच गाडी विकायची."

"गाडी?" सासूबाईंनी कप खाली ठेवला. "गाडी उत्तम आहे. सांगितलेलं ऐकते, सरळ चालते, चढावर कुरकुर करत नाही. ती कशाला विकता?" मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या जावयांकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "विकायचंच असेल तर या दोघांना कोणी घेतंय का बघा. जोडीने द्या. सुटे कोणी घेणार नाही."

गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.