नानांनी भिजवलेला गाळ

पेणला आमच्या शेजारी राहणारे नाना माती चाखून घेतात. आपण भेंडी मोडून बघतो, तसे ते शाडूचं पोतं उघडलं की चिमूटभर माती पुढच्या दातांखाली धरतात. कचकचली, तर पोतं परत. व्यापारी कुरकुरला, की म्हणतात, "माझ्याशी नाय, दाताशी बोल." गणपती घडवण्यात उभा जन्म गेला. आता दात चारच उरलेत, पण चारही कामावर आहेत.

त्यांची एकुलती एक लेक मनीषा मातीतच शिकली, पण फिनलंडला. हजारो वर्षांपूर्वी तो अख्खा देश बर्फाखाली होता म्हणे. त्या बर्फाच्या काठाशी वितळणाऱ्या पाण्याने तळ्यांत गाळ आणून टाकला. उन्हाळ्याचा थर फिका, हिवाळ्याचा काळसर, दोन्ही मिळून एक वर्ष. मनीषा ती वर्षं मोजते. नाना आळीत सांगत सुटायचे, "पोर चिखल मोजते, पण गणपती एक करत नाय!"

यंदा ती सुट्टीवर आली, ती त्या वाळक्या गाळाचा वीतभर तुकडा घेऊन. दुसऱ्याच दिवशी मी धाटावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून घरी येतोय, तोच नानांच्या कारखान्यातून तिची किंकाळी. धावलो. सकाळी ती रोह्याला मावशीकडे गेली होती, तेवढ्यात नानांनी तुकडा बादलीत भिजवून, मळून, त्याचा छान गोळा करून ठेवला होता! कोरडी माती दिसली की भिजत घालायची, हातांना दुसरं ठाऊकच नाही.

"बाबा, दोनशे वर्षं होती त्यात!"

नाना थिजले. माखलेले हात अंगापासून दूर धरून म्हणाले, "आता गो? नोकरी जाईल तुझी?"

त्यांचा चेहरा बघून मनीषा मटकन खाली बसली. "नाय जात. मोजून झालेला तुकडा हाय तो. बाकीचा सगळा तिकडं जपून ठेवलाय. हा तुम्हाला थर दाखवायला आणलेला."

नानांच्या आणि माझ्या जिवात जीव आला. तेव्हा मी नानांना चिडवलं, "अहो, विचारायचं तरी!"

नाना गोळ्याकडेच बघत होते. "सहा वर्षं झाली. ही दिवाळीला नाय, गणपतीत नाय. म्हटलं बघावं तरी, अशी कसली माती हाय, जी माझ्या पोरीला सोडत नाय."

मनीषाने बाही वर सारली आणि गोळ्यातला अर्धा तोडून स्वतःच्या हातात घेतला.

"मग कशी हाय, बाबा?"

"लय मऊ हाय गो," नाना म्हणाले. "राग नाय धरता येत तिच्यावर."