डाव्या नळीतल्या अक्षता

आमच्या शेजारचे सोपानभाऊ रोज सकाळी आपल्या गाडीच्या मागच्या चाकाशी कान लावून बसतात. नवखा माणूस विचारतो, "पंक्चर का?" भाऊ डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवतात. मग पत्र्याच्या पोटात कुठंतरी टिप्... टिप्... असं पाणी उतरतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर झोपेतल्या बाळासारखं हसू येतं. "आलं बगा. पान्याला रागवायचं नसतं, राव. वाट दिली की येतंय."

गाडीही साधीसुधी नव्हे, घडीच्या टपाची. बटण दाबलं की टप कुरकुरत मागं जाऊन बसतो आणि वर नुसतं आभाळ. उभ्या कळंबात अशी ही एकच. पुण्याहून जुनी घेतलेली, रंग कांद्याच्या सालीचा. ऊस-कांदा करणाऱ्या माणसाला ही अवदसा कुठून आठवली, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. मी गणिताचा मास्तर, मला राहवत नाही.

तर म्हणाले, "सुमी ल्हान व्हती तवा ट्रॉलीत उतानी पडून आभाळ बगायची. म्हनायची, दादा, माजी वरात अशीच न्या. आता नवरीला ट्रॉलीत कसं न्यायचं, सांगा?"

सुमी त्यांची एकुलती एक लेक. आई लवकर गेलेली. या गाडीतून पहिली वरात निघाली ती सुमीची. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या नवऱ्या हिच्यातूनच निघतात, आणि गाडी हाकायला सोपानभाऊच लागतात.

आता या टपाची एक गंमत आहे. त्यावरचं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांत जातं आणि तिथून रबरी नळीनं चाकामागं खाली पडतं. नळी तुंबली की पाणी आत, थेट मागच्या सीटखाली. लोकांच्या गाडीत पानं-माती अडकते, आमच्याकडं अडकतात अक्षता! उघडी गाडी दिसली की वऱ्हाडाला चेव येतो. मांडवातून मुठीत उरलेल्या सगळ्या नवरा-नवरीवर. तांदूळ भोकात शिरतो, पावसात फुगतो, झालं, बूच बसलं.

एकदा एका गॅरेजवाल्यानं त्यात कॉम्प्रेसरची हवा मारली. नळी आतल्या आत निसटली. भाऊ महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून इलाज घरचा. ठिबकची बारीक नळी, टोक मेणबत्तीवर गोल केलेलं. ती हलक्या हातानं फिरवत आत सारायची, वरून तांब्याभर कोमट पाणी सोडायचं आणि चाकाशी कान लावायचा. तास लागो नाहीतर दिवस. त्या वेळात हाक मारली तर दूरच्या गावाहून आत्ताच उतरल्यासारखे बघतात. मीही कधीकधी शेजारी टेकतो. उसावरून धुकं सरकत असतं, टिप् टिप् चाललेली असते, आणि माझे पेपर तपासायचे राहून जातात.

पण हे सगळे लाड उजव्या नळीचे. डावीला त्यांनी कधी हात लावला नाही. तिकडं पाणी साचायचं, भाऊ टमरेलानं उपसायचे, टॉवेल पिळायचे. "अहो, तशीच नळी, तसंच भोक, अडलंय काय?" मी वैतागून विचारायचो.

"ऱ्हाऊ द्या, गुर्जी."

माझ्या रेवाचं लग्न ठरलं. वरात अर्थातच भाऊंच्या गाडीतून. आणि आदल्या संध्याकाळी अवकाळी कोसळला! सकाळी जाऊन बघतो तर डाव्या बाजूला, जिथं रेवा बसणार होती, तिथं घोटाभर पाणी. भाऊ उपसतायत आणि आभाळ पुन्हा भरून येतंय. पोरीचा शालू डोळ्यांपुढं आला आणि माझं टाळकं सटकलं.

"भाऊ, ती नळी उघडा, नाहीतर मी दुसरी गाडी सांगतो!"

त्यांनी टमरेल खाली ठेवलं. "गुर्जी, त्यात सुमीच्या अक्षता हायेत."

मी वाकून भोकात बघितलं.

"तिच्या लग्नातल्या. फुगून बसल्या. काडनारच व्हतो, पन पोरगी कॅनडाला गेली. तिचं घरात काय ऱ्हायलंय? कापडं नेली, फोटू नेले. म्हनलं, एवड्या तरी असू द्यात." मग म्हणाले, "दर रविवारी फोनवर इचारती, दादा, गाडीत पानी येतं का? मी म्हनतो, छ्या! कोरडी ठाक!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी गाडी सांगावी म्हणून वळलो, तर मागून आवाज आला, "थांबा. कोमट पानी आना."

त्यांनी ठिबकची नळी डाव्या भोकात सारली. फिरवत राहिले, थांबत राहिले. मी पाणी ओतलं. बऱ्याच वेळानं चाकामागं भस्सकन काळा गाळ पडला आणि त्यामागून पाण्याची धार लागली. भाऊंनी तो गाळ तळहातावर घेऊन धुतला. ना तांदूळ, ना कुंकू.

"कवाच इरगळल्या व्हत्या की, गुर्जी." डोळे पुसायला त्यांनी टॉवेल उचलला, तर तोही गाडीच्याच पाण्यानं चिंब.

आमच्या ओट्यावरून हळदीच्या अंगानं रेवा हे सगळं बघत होती.

दुपारी एक सर येऊन गेली, गाडी कोरडी राहिली. मग टप मागं गेला, धुतलेलं आभाळ वर आलं आणि अक्षतांचा वर्षाव सुरू झाला. रेवानं ओटीतली मूठ भरली, मागं वळली आणि नेमकी डाव्या भोकात रिकामी केली.

"काका, ह्या माझ्या."

त्या दिवशी भाऊंनी गाडी इतकी हळू नेली की बँडवालेच पुढं निघून गेले.

रेवा आता बंगळूरला असते. डावी नळी पुन्हा तुंबली आहे. परवाच्या पावसात मी आपण होऊन टमरेल घेऊन गेलो. भाऊ टॉवेल पिळत होते. "उगडायची का, गुर्जी?"

"राहू द्या," मी म्हणालो, आणि पाणी उपसायला बसलो.

रविवारी रेवाचा फोन आला. "बाबा, काकांच्या गाडीत पाणी येतं का हो?"

"छ्या!" मी म्हणालो. "कोरडी ठाक."