वाक्याचं वायरिंग

कचेरीच्या वायरमनला इंग्रजी अजिबात येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑन, ऑफ, मेन, डेंजर हे शब्द तो तेवीस वर्षं वाचत आला होता. ते वाचण्यात तो एकदाही चुकला नव्हता, म्हणून तर अजून हातीपायी धड होता. पण जुना फोरमन निवृत्त झाला आणि साहेबांनी फर्मान काढलं की, नव्या फोरमनला बिघाडाचा अहवाल इंग्रजीत लिहिता आला पाहिजे, आणि तोही तुटक वाक्यांत नको, चांगल्या लांब, जोडलेल्या वाक्यांत हवा. परीक्षा गुरुवारी दहा वाजता, साहेबांच्या खोलीत. वायरमन नापास झाला तर बाहेरून माणूस आणणार. याआधी दोनदा त्याच्या डोक्यावर बाहेरचा माणूस येऊन बसला होता. तिसरा बसला असता, तर त्याला उठवायला वायरमनची उरलेली नोकरी पुरली नसती.

घरात सून शिक्षिका होती. रोज सकाळी कामावर जायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सासऱ्यांची शिकवणी सुरू झाली.

"बाबा, हे मुख्य वाक्य आणि हे गौण वाक्य. गौण वाक्य एकटं उभं राहू शकत नाही."

"का? त्याला काय झालंय?"

"त्याचा अर्थ पुरा होत नाही."

"मग असलं लंगडं वाक्य लिहायचंच कशाला, सूनबाई?"

आठ दिवस असेच गेले. सूनबाईंनी शाळेत साठ-साठ पोरांना वठणीवर आणलं होतं, पण या एका विद्यार्थ्यापुढे त्यांनी जवळजवळ हात टेकले होते. नवव्या दिवशी वायरमननं एकदम टेबलावर थाप मारली. चहाचा कप उडाला.

"अगं, म्हणजे मुख्य वाक्य ही मेन लाईन! गौण वाक्य तिच्यावरून घेतलेलं कनेक्शन! ते दोन्ही जोडणारं इंग्रजी 'विच' म्हणजे जंक्शन बॉक्स आणि पूर्णविराम म्हणजे अर्थिंग! आधी सांगायचं नाही का?"

"आणि ते 'जेव्हा'चं वाक्य, बाबा?"

"तो रिले! इकडे बटण दाबलं की तिकडे पट्टी हलते."

रिले म्हणजे काय हे सूनबाईंना ठाऊक नव्हतं, पण त्या दिवसापासून सासऱ्यांची वाक्यं बरोबर यायला लागली. शहाण्या शिक्षिकेनं अशा वेळी जास्त चौकशी करायची नसते. वायरमन आधी वाक्याचं वायरिंग कागदावर काढी, ठिकठिकाणी इंग्रजी शब्द लिही आणि मग ते वाक्य सरळ वाचून दाखवी.

सोमवारी सूनबाईंनी त्याला स्वतःच्या कामातलं एक लांबलचक वाक्य रचायला सांगितलं. त्यानं कचेरीतल्या ज्या ज्या वस्तूंची इंग्रजी नावं येत होती त्या सगळ्या त्यात कोंबल्या. अर्थ असा होता: साहेब जेव्हा घंटी वाजवतात, तेव्हा टायपिस्टबाईंच्या डोक्यावर जो पंखा आहे तो थांबतो, आणि स्टोअरचं दार उघडेपर्यंत, जिन्यात जो लाल दिवा आहे तो जळत राहतो. अर्थाला अर्थ नव्हता, पण जोडणी चोख होती. सवयीप्रमाणे त्यानं आकृतीखाली सही ठोकली, तारीख घातली. सूनबाईंनी वर लाल शाईत शेरा मारला: 'उत्तम! असंच करा.'

तो शेरा वायरमन दुपारच्या सुट्टीत कचेरीत पाच-सहा वेळा वाचत बसला. मग, पुन्हा सवयीप्रमाणे, त्यानं तो कागद भिंतीवर कामांचे कागद लावतात त्या चिमट्याला लावला आणि अभ्यासासाठी दोन दिवसांची रजा टाकून घरी गेला.

त्याच्या जोडीदाराला सगळे पक्कड म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पण एकदा हातात घेतलेलं काम तो सोडत नसे आणि कामाबद्दल प्रश्नही विचारत नसे. मंगळवारी त्यानं चिमट्यातला कागद काढला, चष्मा पुसून पाहिला. बेल, फॅन, लॅम्प, डोअर एवढं त्याला वाचता येत होतं. काम विचित्र होतं खरं. पण खाली दादाची, म्हणजे वायरमनची, सही होती आणि वर लाल शाई होती. कचेरीत लाल शाई फक्त साहेब वापरत. पक्कड शिडी घेऊन निघाला. दोन दिवस त्यानं धड जेवणसुद्धा केलं नाही.

गुरुवारी दहा वाजता वायरमन नवा शर्ट घालून साहेबांसमोर बसला.

"कुठल्याही एका बिघाडाचं वर्णन लिहा," साहेब म्हणाले. "घाम पुसा आधी. पाणी मागवतो."

आणि त्यांनी घंटी दाबली.

बाहेरून टायपिस्टबाईंचा आवाज आला, "अगं बाई, पंखा गेला!" पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "दिवा! लाल दिवा!" इमारत बांधली तेव्हापासून तो दिवा जिन्यात होता आणि एकदाही पेटला नव्हता. पेटला की सगळं टाकून खाली पळायचं, एवढं मात्र प्रत्येकाला पाठ होतं. पाच मिनिटांत मजला ओस पडला. स्टोअरकीपर शिस्तीचा माणूस. त्यानं स्टोअरला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सगळ्यांच्या आधी खाली पोचला.

पाणी येईना म्हणून साहेबांनी आणखी दोनदा घंटी दाबली. मग खिडकीतून पाहिलं, तर अख्खी कचेरी समोरच्या फुटपाथवर.

दोघं धावत जिन्यात आले. धूर नाही, वास नाही. दिव्याखाली पायरीवर पक्कड एकटाच बसला होता आणि नातवाकडे बघावं तसा दिव्याकडे बघत होता.

"पहिल्या दमात चाललं, दादा!"

"काय चाललं?"

"तुमचंच काम. हा घ्या कागद. सही तुमची, शेरा साहेबांचा."

वायरमननं आपला सोमवारचा कागद ओळखला. क्षणभर त्याच्या मनात आलं, मला काही ठाऊक नाही म्हणावं. फोरमनची खुर्ची अजून हातची गेली नव्हती. पण पक्कडचा खुललेला चेहरा बघून त्याला ते जमलं नाही.

"साहेब, चूक याची नाही," तो म्हणाला. "हे काम नाहीच. हे वाक्य आहे."

"ते नंतर बघू. आधी दिवा बंद करा!"

"असा नाही व्हायचा," पक्कड म्हणाला. "स्टोअरचं दार उघडलं की होईल. कागदावर तसंच आहे."

साहेबांनी खिडकीतून स्टोअरकीपरला हाक मारली. "वर या, दार उघडा!"

"दिवा विझल्याशिवाय येणार नाही, साहेब! नियम आहे!"

"अहो, तुम्ही आल्याशिवाय तो विझणार नाही!"

"मग मी इथंच बरा आहे!"

शेवटी वायरमननं खाली जाऊन त्याच्या खिशातून किल्ली अक्षरशः ओढून घेतली आणि स्टोअर उघडलं. दिवा विझला, पंखा फिरला, वायरमननं दार परत लोटलं, लोक कुरकुरत जिना चढू लागले. तेवढ्यात साहेबांना राहवलं नाही. त्यांनी खोलीत जाऊन हळूच घंटी दाबली. दिवा पेटला आणि अर्ध्या जिन्यातली मंडळी पुन्हा गडगडत खाली गेली.

"वाचा," वायरमन स्टोअरचं दार पुन्हा उघडून परत आल्यावर साहेब म्हणाले.

वायरमननं कागद धरला आणि वाक्य इंग्रजीत, एका श्वासात वाचलं. साहेबांचं बोट आकृतीतल्या तारांवरून फिरत होतं.

"अठरा वर्षांत मी शेकड्यांनी हुकूम काढले," ते म्हणाले. "एकाचीही अशी तंतोतंत अंमलबजावणी झाली नाही."

त्यांनी कोऱ्या उत्तरपत्रिकेला ती आकृती टाचली, वर सही केली आणि म्हणाले, "हे वायरिंग संध्याकाळपर्यंत निघालं पाहिजे, फोरमन."

फोरमन! वायरमनला इतका आनंद झाला की त्याचे डोळेच भरून आले. तो दाराशी पोचला, तोच साहेबांनी त्याला परत बोलावलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"त्या 'विच'चं मला आजवर कधी जमलेलं नाही. जुन्या फायलीतली पत्रं काढतो, नाव आणि तारीख बदलतो. भागलं आतापर्यंत. तुमच्या सूनबाई आणखी एक विद्यार्थी घेतील का? इथं कुणाला कळता कामा नये."

रविवारी सकाळी साहेब कव्हर घातलेली वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले. सूनबाई चहा टाकायला उठल्या. साहेबांनी बराच वेळ खाली मान घालून एक वाक्य लिहिलं आणि वही भीतभीत पुढे सरकवली. फोरमननं चष्मा चढवला, वाक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि मान हलवली.

"हे पेटायचं नाही, साहेब," तो प्रेमानं म्हणाला. "पुन्हा जोडा."