कोळपे सरांचं एक वाक्य

पिक्चरमध्ये मुख्याध्यापक आला की आमचे कोळपे सर खुर्चीच्या कडेला सरकून बसतात. लोक हिरोची वाट बघतात, सर चुकीची वाट बघतात. पडद्यावरच्या मुख्याध्यापकानं टेबलावर हात आपटून "मी तुला शाळेतून काढून टाकतो!" म्हटलं, की शिरूरच्या थेटरात मागून आवाज येतो, "कुठल्या नियमानं?"

एकदा पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "ओ आबा, पिक्चर हाय तो."

"पिक्चर हाय म्हणून काय झालं? आठवीपर्यंत काढताच येत न्हाई. तशी तरतूदच न्हाई."

त्या माणसाचं पोरगं नववीत होतं. इंटरव्हलनंतर तो सरांच्या शेजारी येऊन बसला आणि पिक्चर संपेपर्यंत नववीचे नियम विचारत राहिला.

सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मी तिथला क्लार्क, म्हणजे गावच्या भाषेत भाऊसाहेब. शिरूर-दौंड रस्त्यापासून थोडं आत आमचं हायस्कूल आहे. 'तशी तरतूद न्हाई' हे सरांचं आवडतं वाक्य. "पोराला झोडपून काढा, सर," असं बाप म्हणाला, तरतूद नाही. मास्तर म्हणाले, शनिवारी एक तास लवकर सोडा, तरतूद नाही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगतात की लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

सरांना खरोखर अधिकार किती? त्यांच्या केबिनच्या खिडकीतून लिंबाची एक फांदी आत आलीय. ती तोडायला संस्थेचा ठराव लागतो, मग पंचायतीची परवानगी. चार वर्षं कागद फिरतोय आणि फांदी वाढतेय. आता ती भिंतीवरच्या कॅलेंडरला टेकलीय. महिना बदलला की सर फांदी हळूच बाजूला धरतात आणि मी पान उलटतो. शिपाई चेअरमनचा मेव्हणा. त्याला सर "चहा आणा" असं म्हणत नाहीत. "मामा, चहा प्यायला निघालाय का?" असं विचारतात.

म्हणूनच पिक्चरमधल्या मुख्याध्यापकांवर त्यांचा राग. "'माझी शाळा' म्हणतंय बघा! शाळा संस्थेची, पगार सरकारचा, फांदी पंचायतीची. ह्याचं काय हाय त्यात?"

आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शूटिंगच आमच्या शाळेत आलं. परवानगी संस्थेनं दिली, सरांना पत्राची प्रत मिळाली. पुण्याहून दोन बसभर माणसं, दिवे, वायरी. मुख्याध्यापकाचं काम करणारा नट मात्र वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. दिग्दर्शक बाई घड्याळ बघत वैतागल्या होत्या, तेवढ्यात त्यांची नजर कोळपे सरांवर पडली. पांढरी मिशी, सफारी, खिशाला दोन पेनं.

"सर, एकच वाक्य आहे. या मुलीला म्हणायचं, 'उद्यापासून या शाळेत पाऊल ठेवायचं नाही, चालती हो!'"

समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, डोळ्यांत आधीच घातलेलं पाणी.

"कशाबद्दल?" सरांनी विचारलं.

"तिनं भिंतीवर चित्र काढलंय."

"मग चुना मारून घ्या."

बाईंनी समजावलं, मीही समजावलं. पहिला टेक झाला. सरांनी टेबलावर हात ठेवला, आपटला नाही, आणि म्हणाले, "उद्यापासून... पालकांना घेऊन यायचं." युनिट हसलं. दुसऱ्या टेकला म्हणाले, "उद्यापासून या शाळेत..." आणि थांबले. तिसऱ्या वेळी ते खुर्चीतून उठले. "मला न्हाई जमायचं, बाई. दुसरं कुणी बघा."

शेवटी बसचा ड्रायव्हर खुर्चीत बसला. त्याला सरांचा चष्मा लावला. गड्यानं काय वाक्य फेकलं! टेबलावरची दौत उडाली, मुलगी हुंदके देत दाराबाहेर गेली, जमलेल्या गावानं टाळ्या वाजवल्या. आमचा शिपाई तर मला म्हणाला, "भाऊसाहेब, ह्याला म्हंत्यात मुख्याध्यापक!"

टाळ्यांत सर नव्हते. बघतो तर मागच्या व्हरांड्याच्या पायरीवर एकटेच बसलेले. मी थट्टा करायच्या तयारीनंच गेलो होतो.

"काय सर, ॲक्टिंगची तरतूद नव्हती का?"

ते हसले नाहीत. "भाऊसाहेब, आपण ते वाक्य बोललोय एकदा."

मी शेजारी बसलो.

"नवीन लागलो होतो. मोठे सर रजेवर, चार दिवस चार्ज माझ्याकडं. पाचवीतली एक पोर रोज उशिरा यायची. वर्गापुढं म्हणलं, उद्यापासून येऊ नको."

"मग?"

"न्हाई आली. मला वाटलं रुसली आसंल. पाचव्या दिवशी चौकशी करत तिच्या बापाच्या तळावर गेलो, तर मेंढरं घेऊन सगळे पुढं गेलेले. ती मेंढरं राखून, तळावर पाणी भरून शाळेत यायची. मी स्वतः धनगराचा, भाऊसाहेब. मला कळाय नको?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "सायकल काढली. नदीच्या कडंनं दौंडापर्यंत तळ शोधत फिरलो. आठव्या दिवशी सापडली. म्हणलं, बाळ, चल, मला काढायचा अधिकारच न्हाई. तर ती बापाच्या मागं जाऊन लपली. बाप म्हणला, 'सरांनी काढलं म्हणल्यावर आता कशाला?' चहा पाजला मला. मेंढरं घेऊन माणसं पुढं निघून गेली."

आत कुणीतरी पुढच्या टेकसाठी ओरडत होतं.

"अधिकार नव्हता मला," सर म्हणाले. "पण त्यांना कुठं म्हाईत होतं?"

नट संध्याकाळी आला, तोवर सगळं उरकलं होतं. युनिट वायरी गुंडाळत होतं. ती वेण्यावाली मुलगी झाडाखाली आईजवळ बिस्किटं खात बसली होती. सर मैदान ओलांडून तिच्याकडं गेले. चष्मा मागायला गेले असतील म्हणून मीही मागं गेलो. तर ते तिच्यापुढं उकिडवे बसलेले.

"बाळ, मघाशी ते चालती हो म्हणले ना, ते खरं न्हाई बरं का. आसं कुणाला काढता येत न्हाई."

मुलीनं चावता चावता वर बघितलं. "सर, ते ॲक्टिंग होतं."

"व्हय, व्हय. म्हाईत हाय मला," सर म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. "तरी सांगून ठिवलं."