डाव्या बाजूचा पोचा

विमा कंपनीच्या माणसाने आमच्या गाडीचा पोचा पुराव्यासाठी काढून नेला, तो एका मंगळवारी. पोचा डाव्या बाजूचा, पुढचा, वाटीएवढा खोल. तोडकरी नावाचा हा सर्वेअर बार्शीला आमच्या दारात आला, पट्टीने पोचा मोजला, दोन्ही हातांनी कडा धरून वाळलेला पापड उचलावा तसा अलगद उचलला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला. मला पावती दिली. गाडी त्या जागी नव्यासारखी सपाट झाली. मी त्याला चहा दिला, वर बिस्किटंही दिली. द्यायला नको होती.

तो पोचा मी स्वतः पाडलेला होता. पिठाची गिरणी चालवण्यात जन्म गेला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. पहिल्यांदा एकटी निघाले ती थेट वैरागला, थोरल्या बहिणीकडे. मालूअक्का आणि मी नऊ वर्षं बोलत नव्हतो. कारण आईचं पितळी पुरणयंत्र. ते तिने ठेवून घेतलं, वर म्हणाली, तुझ्या पोळ्या तशाही फुटतात. असलं बोलणं मी विसरत नाही. पण एक दिवस वाटलं, पुरे झालं आता. तिच्या फाटकाशी आले आणि ब्रेक समजून भलतंच दाबलं. गाडी गेली निळ्या खांबावर. अक्का धावत आली, आधी मला चाचपलं, मग खांब चाचपला, आणि आम्ही दोघी रस्त्यातच रडलो. निघताना तिने पुरणयंत्र माझ्या मांडीवर ठेवलं, होळीला पोळ्या खायला येते म्हणाली. त्या दिवसापासून रोज चार वाजता तिचा फोन यायचा.

पोचा नेल्यावर पंधरा दिवसांनी पत्र आलं. आपल्या वाहनाची फेरतपासणी केली असता त्यावर कोणताही पोचा आढळून आला नाही. सबब अपघात झालेला नाही. सबब आपण सदर दिवशी वाहन चालवलेले नाही. सबब आपण वैराग येथे पोहोचलेल्या नाहीत. दावा नामंजूर. आणि खाली, प्रत माहितीसाठी रवाना: श्रीमती मालती बुरगुटे, खांबाच्या मालक, वैराग.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिक्का मारलेला कागद म्हणजे यांना ब्रह्मवाक्य. चष्मा लावून पत्र वाचलं आणि मला विचारतात, त्या दिवशी तू घरीच होतीस तर स्वयंपाक का नाही केलास? मी दोन वेळा चिवडा खाऊन राहिलो. म्हटलं, अहो, मी वैरागला होते. म्हणाले, ते आता तसं राहिलेलं नाही. त्यावरून दोन दिवस रुसून बसले होते.

दाव्याचे पैसे गेले चुलीत. माझा जीव अडकला तो चारच्या फोनमध्ये. तो त्या दिवशी वाजलाच नाही. शेवटी मीच लावला.

"आपली भेट झालेली नाही, असं पत्र आहे माझ्याकडे," अक्का म्हणाली. "चौतीस वर्षं पोस्टात काढली मी. आलेलं पत्र आलं नाही, असं मला म्हणता येत नाही."

आवाज तिचाही फुटत होता, पण बाई नियमाची पक्की. तिसऱ्या दिवशी तिचं कार्ड आलं: माझ्या फळीवरील पुरणयंत्र नाहीसे झाले आहे, आपणाकडे आढळल्यास कळवावे. सख्ख्या बहिणीने मला आपण म्हटलं. होळी आठ दिवसांवर आली होती.

मी गाडी काढली आणि सोलापूरला कंपनीच्या शाखेत गेले. स्वतः चालवत गेले, उगाच कुणी संशय घ्यायला नको. शाखाधिकारी दुधनीकर खिडकीतून बघतच होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले की यावरून तुम्ही आज गाडी चालवली एवढंच सिद्ध होतं. माणूस गोड होता, खुर्चीसुद्धा पुसून दिली.

मी पावती पुढे केली. मग तोडकरीने मला पोच्यांच्या खोलीत नेलं. भिंतभर फळ्या, प्रत्येक पोच्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. लांब चरे होते ते गुंडाळून सुतळीने बांधले होते. कोपऱ्यात एका ट्रकचं चेपलेलं अख्खं तोंड होतं, त्याच्यावर चादर घातली होती. माझा पोचा तिसऱ्या फळीवर सापडला, अक्काच्या खांबाचा निळा रंग अजून लागलेला. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, द्या माझा मला.

"देता आला असता, मॅडम," दुधनीकर म्हणाले. "पण पोचा फक्त त्याच्या मूळ गाडीला परत जातो. तुमच्या गाडीला पोचाच नव्हता, मग हा तिचा कसा असेल?"

"मग कुणाचा आहे?"

त्यांनी बराच विचार केला. कुणाचाच नाही, म्हणाले. नियमांचं पुस्तक काढलं. बेवारस पोचा कंपनीला ठेवून घेता येत नव्हता, मागेल त्याला द्यावा लागत होता. अट एकच, मागणाऱ्याच्या गाडीला आधीचा पोचा नसल्याचा कंपनीचा दाखला हवा. आणि तो मिळायला सहा महिने लागतात, असं त्यांनी खरोखर वाईट वाटून सांगितलं.

मी पर्समधून त्यांचंच पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. कोणताही पोचा आढळून आला नाही. खाली त्यांचीच सही. दुधनीकरांनी ते दोनदा वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, दाखला व्यवस्थित आहे.

या पोच्यावर कधीही दावा करणार नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं. मी मुकाट सही केली. तोडकरीने पोचा जागेवर धरला आणि गुडघ्याने दाबून बसवला. बोटभर खाली बसला, पण मी कुरकुर केली नाही. उलट म्हटलं, आता करा फेरतपासणी. त्यांनी केली. पोचा आढळून आला. सबब अपघात झाला, सबब मी गाडी चालवली, सबब मी वैरागला पोहोचले. दुधनीकर अक्काची प्रत टपालाने पाठवणार होते. म्हटलं, आणा इकडे, वैराग माझ्या वाटेवरच आहे.

अक्का फाटकातच उभी होती. तिने पत्र हातात घेतलं, जावक क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, मग गाडीला वळसा घालून आली आणि पोच्यात हाताची मूठ घालून बघितली. 

"म्हणजे आपण बोलत होतो," ती म्हणाली. "मग इतके दिवस एक फोन का केला नाहीस गं मला?"

फोन तर मीच लावला होता. पण आनंद इतका झाला होता की मी चक्क माफी मागितली. आम्ही चहा घेतला. होळीला सकाळच्या गाडीने येते म्हणाली, यंत्र चिंचेने घासून ठेव म्हणाली, आणि पोळ्या फुटतात हेही म्हणाली. निघताना मी गाडी मागे घेतली, ती फाटकाच्या दुसऱ्या खांबावर गेली. मोठा आवाज झाला. उतरून दोघींनी पाहिलं, उजव्या बाजूला, मागे, चांगला ताटलीएवढा पोचा पडला होता. अक्काने आधी मला चाचपलं, मग खांब चाचपला, मग रस्त्यावर कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

"हा कंपनीला कळवू नकोस," ती म्हणाली. "हा आपल्यालाच राहू दे."